थेल्माचा गुळगुळीत मासा

आमच्या कॅसिडी क्रीकमध्ये मासे धरायला गळ लागत नाही, पहार लागते. ओढा वर्षातले आठ महिने कोरडा, पण कुंपणाचा खांब रोवायला खड्डा खणावा तर खाली मासे. छत्तीस कोटी वर्षांपूर्वी इथे एक मोठं डबकं होतं. ते आटलं आणि त्यातले मासे एकमेकांच्या अंगावर पडून मेले. गहू आणि मेंढ्या सोडल्या तर आमच्याकडे दाखवण्यासारखं एवढंच आहे, म्हणून लोकरीच्या जुन्या गोदामात आम्ही त्यांचं संग्रहालय थाटलंय.

मासे दिसायला अजब. पुढून कासव, मागून मासा, आणि दोन्ही बाजूंना खेकड्यासारखे सांधे असलेले हात. डोकं आणि धड हाडाच्या तक्त्यांच्या चिलखतात बंद. डोळे टाळूवर, एकमेकांना खेटून, म्हणजे सदा आभाळाकडे बघणारे, आमच्या पाद्रीबाबांसारखे. अंगभर बारीक पुटकुळ्या. पोटावरचे तक्ते मात्र मोठ्या शिस्तीत बसवलेले: डावा नेहमी उजव्याच्या वर, पुरुषाच्या शर्टाची पट्टी असते तशी.

माझं काम ठसे काढायचं. लोकांना वाटतं आम्ही दगडातून हाड काढून जपून ठेवतो. कसलं हाड! ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं असतं. ते आम्ही ब्रशने आणि सौम्य आम्लाने धुऊन चक्क फेकून देतो. शाळेची सहल आली आणि हे सांगितलं की पोरं किंचाळतात. पण हाड गेलं की दगडात त्याची स्वच्छ पोकळी उरते. तो साचा. त्यात पातळ रबराचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा, तिसरा, चौथा. पूर्ण वाळलं की टाल्कम पावडर मारत कडेकडेने सोलायचं आणि मागून प्लास्टर भरायचं. हातात येतो तो ठसा, म्हणजे मासा जिवंतपणी होता तसा. मी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात जेली आणि पुडिंगं साच्यातून काढली आहेत, एक कोपरा मोडू दिला नाही. तेव्हा संग्रहालय निघालं तसं सगळ्यांनी मलाच पुढे केलं. ग्लेनिस ट्रेंबाथचा हात पंचक्रोशीत नावाजलेला आहे, हे मी सांगतेय म्हणून खोटं नाही.

हात चांगला, पण स्वभाव उतावळा. ह्या गोष्टीत जे काही बिघडलं ते त्यानेच.

थेल्मा प्रॅटली माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे मध्ये दोन मैलांचं रान. तिचा बाप रेल्वेच्या रुळांवर काम करायचा, आणि अकरा भावंडांत ही सातवी. माहेरी तिघी बहिणी एका पलंगावर झोपायच्या. लग्न करून आल्विनच्या शेतावर आली ती थेट मोकळ्या माळावर. आल्विन मेंढ्या कातरणारा, वर्षातले सात महिने लोकर कातरायच्या शेडमागून शेड फिरणार. थेल्मा प्रत्येक खोलीत एक रेडिओ लावून ठेवायची. "कुणी तरी बोलत असलं की बरं वाटतं गं," म्हणायची. आणि आठवड्यातून चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात येऊन शिवण करत बसायची. अशी गर्दीवेडी बाई सिडनीच्या हॉस्पिटलात एका मंगळवारी एकटी गेली. आल्विन त्या वेळी बर्क गावाच्या पलीकडे कुठल्याशा शेडमध्ये होता. निरोप पोचला तो गुरुवारी.

त्यानंतर त्याने कातरणी हातात धरली नाही. माणूस अगदी मुका झाला. पुढच्या हिवाळ्यात खालच्या रानात कुंपण घालताना त्याच्या पहारीखाली एक दगड दुभंगला. तो दगड ट्रकमध्ये घालून त्याने माझ्या दारात आणून टाकला.

"आहे का काही ह्यात?" एवढंच विचारलं.

होता, पोटावर निजलेला एक मासा, एकटाच, आजूबाजूला दुसरा कोणी नाही. मी तो धुतला, रबर लावायला घेतलं. आता इथे नीट लक्ष द्या. डब्यात रबर उरलं होतं दोनच हातांपुरतं. नवा डबा सोमवारी यायचा होता आणि कॅनबेऱ्याच्या तज्ज्ञांकडे जाणारं कुरिअर शुक्रवारी दुपारी. थांबले असते तर काय बिघडलं असतं? छत्तीस कोटी वर्षं थांबलेला मासा आणखी तीन दिवस थांबला असता. पण आल्विन ओसरीवर बसून होता, सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने काही विचारलं होतं, आणि मला उत्तर आजच्या आज हवं होतं. दोनच हात दिले. नीट वाळलं नव्हतं तरी खेचलं. ते चिकटत, ताणत, एकदाचं सुटून आलं. पावडर मारली, प्लास्टर भरलं, खोक्यात घातलं. कुरिअरवाल्याने गाडी सुरू केली होती, तिच्यामागे धावत जाऊन दिलं.

कॅनबेऱ्यात असल्या दगडातल्या माशांचा अभ्यास करणारा डॉ. इम्रे कोवाच. तेव्हा तो नुकता डॉक्टर झालेला, हाडकुळा, उत्साही मुलगा होता. दहा दिवसांत त्याचा फोन आला.

"ग्लेनिसबाई, असा मासा आजवर कुणी पाहिला नाही! पोटाचा उजवा तक्ता डाव्यावर आहे. आणि अंगावर एकही पुटकुळी नाही, सगळा गुळगुळीत. ही नवीन जात आहे. अख्ख्या जगात ही एकच."

मी आल्विनला सांगितलं. त्याने स्वतःच्या शर्टाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "उजवी पट्टी डाव्यावर? म्हणजे बायकी ब्लाउज की गं. थेल्मा शिवायची तसा."

आणि हसला. मला तिथेच रडू फुटलं.

इम्रेने माशाला थेल्माचं नाव दिलं. शास्त्रातलं लांबलचक नाव माझ्या जिभेला झेपत नाही, आम्ही सगळे 'थेल्मा'च म्हणतो. नियमाप्रमाणे दगड संग्रहालयात राहायला हवा होता, पण आल्विनने तो थेल्माच्या कबरीच्या डोक्याशी बसवला. इम्रे कुरकुरला. शेवटी 'संग्रहालयाचा दगड, कबरीला उसना दिला' असा कागद करून सगळ्यांनी सह्या केल्या. त्या दगडाखाली पितळेची पट्टी लावली, तिच्यावरचे शब्द माझे. 'थेल्मा प्रॅटली. जगात अशी एकच.' मला ते फार सुंदर वाटले होते. इम्रे स्वतः कबरीशी गुडघे टेकून बसला, ठशाचा फोटो दगडाशेजारी धरून पाहिला, आणि म्हणाला, "तंतोतंत जुळतंय." आम्ही माना डोलावल्या. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की तिथेच घोळ होता.

ह्याला बावीस वर्षं झाली. बेकरीवाली नोएलीन आज मटणाचा पाय करते, म्हणजे कणकेच्या कवचात भाजलेला खिमा, त्याला वरून कणकेचे तक्ते असतात, उजवा डाव्यावर, आणि तो 'थेल्मा' म्हणूनच खपतो.

यंदा संग्रहालयाला नवं दालन मिळालं. शनिवारी उद्घाटन, शुक्रवारी इम्रे येणार. दालनाच्या भिंतीवर माशांची वंशावळ नव्याने रंगवायची होती, कारण जुनी चुकीची ठरली. पूर्वी इम्रेची मंडळी म्हणायची की चिलखती मासे म्हणजे आपल्या आत्या. बाजूची शाखा, वंश खुंटलेला. आता चीनमध्ये काही मासे सापडले आणि मत फिरलं. जबडा असा पहिल्यांदा ह्यांनाच फुटला, आणि ह्यांच्यातूनच पुढचे सगळे आले, आपण धरून. म्हणजे आत्यांच्या झाल्या आज्या.

रंगकाम आल्विनकडे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस शिडीवर चढतो आणि उतर म्हटलं की ऐकू येत नाही असं दाखवतो.

"म्हणजे इतकी वर्षं आत्या म्हणून हाक मारली, ती आजी निघाली?" शिडीवरून त्याने विचारलं.

"खापरपणजीच्याही पलीकडची. जबडा तिच्याकडूनच आलाय म्हणे आपल्याला."

"तुला जरा जास्तच आलाय."

"आधी खाली उतर, मग दाखवते."

"ही फांदी तेवढी राहिलीय," तो म्हणाला, आणि ब्रश डब्यात ठेवून दिला. थेल्माची फांदी. सगळ्या माशांच्या जुडग्यातून फुटून बाजूला, भिंतीच्या पार कोपऱ्यापर्यंत नुसती खडूने आखलेली एक बारीक काडी, टोकाला एकच मासा. आठवडाभर मी बघत होते, तो बाकी सगळं रंगवायचा आणि त्या काडीशी आला की चहाची सुट्टी घ्यायचा. मला वाटायचं, प्रेमाचं काम आहे, शेवटाला राखून ठेवतोय.

दालनाच्या मधोमध थेल्माचा ठसा मांडायचा होता. पेटी उघडली तर जुनं रबर पार चिकट गुळासारखं झालेलं. रबर वीसेक वर्षांत कुजतंच. मी म्हटलं, त्यात काय, दगड आहे ना. रविवारी डबा, ब्रश, पावडर आणि घडीची खुर्ची घेऊन कबरस्तानात गेले. ह्या खेपेला रबर भरपूर होतं आणि घाई करायची नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. दिवसाला एक हात. निलगिरीखाली बसायचं, थर वाळेपर्यंत थेल्माला गावातल्या बातम्या सांगायच्या. कोणाची सून पळाली, कोणाचा कुत्रा मेला. मॅगपाय पक्षी येऊन डब्यात डोकावून जायचे. फार सुखाचे दिवस गेले ते, खरं सांगते.

गुरुवारी सकाळी पावडर मारत, कडेकडेने, एकदाही न ताणता मी रबर सोललं. घरी नेऊन प्लास्टर भरलं, टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि पाहिलं.

डावा तक्ता उजव्यावर होता. अंगभर पुटकुळ्या होत्या.

पहिल्यांदा वाटलं, माझंच काही चुकलं. जुना फोटो शेजारी ठेवला. हा मासा आणि तो मासा, एकमेकांचं आरशातलं रूप. पण दगड तोच, पोकळी तीच! टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. डोकं चालेनासं झालं की मी भांडी घासते, म्हणून कालच्या स्कोन पावांच्या ताटल्या काढल्या, रबरी हातमोजे चढवले. घासून झालं. हात घामाने चिकटले होते, म्हणून उजवा मोजा मनगटाकडून धरून खसकन ओढला आणि ओट्यावर टाकला.

मोजा उलटा होऊन निघाला होता. उजव्या हाताचा, पण ओट्यावर पडला होता डाव्याचा होऊन. अंगठा भलत्या बाजूला. बाहेरची खरबरीत बाजू आत गेलेली, आतली गुळगुळीत वर आलेली.

मी तिथेच स्टुलावर बसले.

दोनच हात दिलेलं, अर्धं ओलं, घाईने खेचलेलं रबर. ते बावीस वर्षांपूर्वी असंच उलटं होऊन निघालं होतं, आणि मी रबराच्या मागच्या बाजूलाच पुढची समजून, प्लास्टर भरून कॅनबेऱ्याला पाठवलं होतं. आणि दगडाशी तंतोतंत जुळतंय म्हणून आम्ही खूश झालो! साचा आणि ठसा कधी जुळत असतात का? शिक्का आणि त्याची उमट ह्यांचं डावं-उजवं उलटंच असायला हवं. जुळलं म्हणजेच चुकलं. एकतीस वर्षं जेली काढणाऱ्या बाईला हे कळू नये?

थेल्माचा मासा नवीन नव्हता. आमच्या नेहमीच्या माशांतलाच एक होता.

आता सांगायचं कुणाला, आणि कसं? इम्रेला सांगितलं की ते नाव खोडलं जाणार. शास्त्रात तशी रीतच आहे, नवीन ठरलेली जात जुनीच निघाली तर नवं नाव बाद. बायकोचं काही म्हणून उरलं होतं ते आल्विनकडे एवढंच. ते नाव मिळालं तेव्हा तो बोलायला लागला होता. ते गेलं तर? आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. हा नवा ठसा माझ्या टेबलावर आहे, तो जमिनीवर पडून फुटू शकतो. जुन्या ठशाचा फोटो मोठा करून पेटीत लावला की झालं, बेकरीतले पायही तसेच खपतील. मी तो ठसा खरंच दोन्ही हातांनी उचलला होता. पण मग त्या पुटकुळ्यांवरून बोट फिरलं. इतका सुरेख ठसा माझ्या हातून जन्मात निघाला नव्हता. शिवाय गेले चार दिवस मी थेल्माशेजारी बसून तिला गावाच्या सगळ्या खऱ्या बातम्या दिल्या होत्या, आणि आता तिच्याच बाबतीत खोटं बोलायचं? छे.

ठसा टॉवेलात गुंडाळला, डबाभर लॅमिंग्टन घेतले, म्हणजे कोणी गेलं की आमच्याकडे नेतात ते खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक, आणि दुपारच्या चहाला गोदामात गेले. आल्विन एकटाच होता, शिडीच्या पायरीवर बसलेला.

"लॅमिंग्टन?" तो म्हणाला. "कोण मेलं?"

"आधी खा."

"म्हणजे नक्कीच कोणी तरी मेलंय."

मी त्याला सगळं सांगितलं. गाडीमागे धावले ते, दोन हातांचं रबर, मोजा, सगळं. मोजे बरोबर नेले होते, ते काढून दाखवलेही. ठसा त्याच्या मांडीवर ठेवला. "चूक माझी आहे, आल्विन," मी म्हटलं. "माझ्या घाईची. तू ओसरीवर बसला होतास आणि मला तुझं तसं बसणं बघवत नव्हतं. पण म्हणून ती चूक दुसऱ्या कुणाची होत नाही."

तो ठशाकडे बघत राहिला. कातरणाऱ्याची बोटं त्याची, जाड, वाकडी झालेली. पोटाच्या मधल्या सांध्यावरून त्याने अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"म्हणजे ही वेगळी नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

तो उठला. ठसा शिडीवर ठेवला, टोपी घातली, आणि बाहेर जाऊन ट्रक सुरू केला. लॅमिंग्टनला हातही लावला नव्हता. मी दारात उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत पाहिलं. त्या संध्याकाळी मी तीनदा फोन केला, त्याने एकदाही उचलला नाही. तो पुन्हा मुका होणार ह्या भीतीने मी घासलेल्याच ताटल्या पुन्हा घासल्या.

शुक्रवारी सकाळी गोदामाचं कुलूप काढायला गेले तर ते उघडंच. आल्विन मोठ्या दगडासमोर खुर्ची टाकून बसला होता. मोठा दगड म्हणजे आमच्या संग्रहालयाचं वैभव, बैलगाडीएवढी लांब फरशी, आणि तिच्यावर मासेच मासे. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पोटावर, तिसऱ्याचा हात चौथ्याच्या गळ्यात.

"ह्या सगळ्या तिच्याच?" त्याने मागे न बघता विचारलं.

"हो. तिचीच जात."

"किती आहेत?"

"एकशे चौदा. शाळेची पोरं दर वर्षी मोजतात, दर वर्षी वेगळा आकडा येतो. पण एकशे चौदा."

"आणि ही आमच्या रानात कशी काय एकटी?"

"डबकं आटताना एखादी कडेला राहून जाते. पण ती ह्यांच्यातलीच. एकाच पाण्यातली."

मग खिशातून रुमाल काढून त्याने मोठ्याने नाक शिंकरलं.

"ग्लेनिस, तू महामूर्ख बाई आहेस."

"आहे."

"बावीस वर्षं. बावीस वर्षं मी ती काडी बघतोय. भिंतीच्या कोपऱ्यात, शेजार ना पाजार. लोक येऊन म्हणायचे, वा, जगात एकच! आणि माझ्या डोळ्यांसमोर ती हॉस्पिटलातली खोली यायची. मंगळवार ते गुरुवार." त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला. "थेल्माला एकटं राहायचं कधी जमलं होतं का? शौचाला गेली तरी दार उघडं ठेवून बोलायची."

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"काय बोलणार? तुम्ही सगळ्यांनी इतक्या हौसेने केलेलं. पितळेची पट्टी काय, पाय काय." त्याने फरशीकडे बोट दाखवलं. "बघ ती, तिसऱ्या रांगेत. दोघींच्या मध्ये. माहेरी अशीच झोपायची ती. पहिल्यांदा सासरवाडीला गेलो तेव्हा पाहिलं होतं मी, दाराच्या फटीतून. सासऱ्याने बूट फेकून मारला होता."

मी हसले आणि रडलेही, आणि तो म्हणाला, "काल ते लॅमिंग्टन कुठे ठेवलेस?"

इम्रे दुपारी आला. आता त्याचं पोट सुटलंय, दाढी पांढरी झालीय, पण गाडीतून उतरताना अजून धडपडतो. त्याला ठसा दाखवला, मोजा दाखवला. त्याने आधी मोजा स्वतः घालून पाहिला, खेचून पाहिला, पुन्हा घातला. मग कान लाल झाले.

"ग्लेनिसबाई, मी कबरीपाशी बसून म्हटलं होतं, तंतोतंत जुळतंय."

"म्हटलं होतंस खरं."

"तेव्हाच मी डोकं वापरायला हवं होतं. माझं पहिलं संशोधन ते. त्याच्यावर मला नोकरी लागली!"

"मग ती आता परत कर," आल्विन म्हणाला.

इम्रे क्षणभर घाबरला आणि मग पोट धरून हसत सुटला. नंतर गंभीर होऊन म्हणाला, "आल्विनकाका, पण मला हे छापावं लागेल. नाव बाद होईल. तुम्हाला चालेल ना?"

"छाप की. मोठ्या अक्षरांत छाप. फक्त ह्या बाईची घाई पण छाप."

मग तो शिडीवर चढला. मी खाली धरून उभी राहिले, कारण उतर म्हणण्यात अर्थ नव्हता. भिंतीच्या रंगाचा ब्रश घेऊन त्याने ती काडी टोकाकडून पुसत आणली, मासा, मग फांदी, मग जिथून ती फुटत होती तो सांधा. मग बारीक ब्रश घेतला आणि मधल्या दाट जुडग्यात, जिथे नेहमीचे मासे एकमेकांना खेटून होते, तिथे आणखी एक काढला. डावा तक्ता उजव्यावर. पुटकुळ्या देत बसला पाऊण तास. इम्रे म्हणाला, इतक्या नसतात. आल्विन म्हणाला, तिला असू दे.

उद्घाटन चांगलं झालं. पाहुण्यांनी बरंच लांबण लावलं, नोएलीनचे पाय संपले. कणकेचा तक्ता कुठल्या बाजूने घालायचा म्हणून तिने आधी माझ्याशी भांडण काढलं, मग साच्याला दोष दिला, शेवटी म्हणाली, मी काही बदलणार नाही, खाणाऱ्याने उलटा धरून खावा.

रविवारी आल्विन माझ्या दारात आला. हातात पितळेची पट्टी, स्क्रू काढून आणलेली.

"हिच्या मागच्या बाजूला दुसरं काही तरी कोरून घेऊ," तो म्हणाला. "शब्द तुझेच लागतील. पण ह्या वेळी घाई नको."

"काय लिहू?"

"ते तू ठरव. शब्दांचा धंदा तुझा."

मी चहा टाकला. त्याला ओसरीवर बसवलं, तिथेच, जिथे तो बावीस वर्षांपूर्वी बसला होता. तीन दिवस मी विचार केला, एकही अक्षर न लिहिता. बुधवारी कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावला, वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाची गुंडी लावून घेतली.

आता त्या दगडाखाली पट्टी आहे, कोरीव अक्षरांची. थेल्मा प्रॅटली. अकरा भावंडांतली सातवी.